कुठल्या खोलीतून? डीएचसीपीच्या मागणीवर पोर्टचा पत्ता लिहून घ्यायची रीत

हॉस्टेलमध्ये नेटचं काही बिघडलं की रेक्टर सर मला एकच विचारतात, "मॅडम, हे कुठल्या खोलीतून होतंय?" बहुतेक वेळा घरून आणलेला वायफाय राउटर कुणीतरी उलटा जोडलेला असतो. सॉकेटमधली वायर वॅनऐवजी लॅनच्या भोकात गेली की तो चिमुकला डबा अख्ख्या मजल्याला १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते वाटायला लागतो आणि शेजारच्या खोल्यांचं नेट बसतं. कधी प्रकरण जास्त गंभीर असतं, सायबर तक्रारीचं पत्र येतं. दोन्ही वेळा प्रश्न खोलीचाच.

उपकरणाने मागितला की त्याला आयपी पत्ता वाटतो तो डीएचसीपी सर्व्हर. त्याच्या लॉगमध्ये खोली नसते. तिथे असतो दिलेला आयपी, वेळ आणि मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक. मॅकची वही ठेवण्याचा उद्योग ज्यांना करायचा असेल त्यांनी करावा. राउटरमध्ये मॅक क्लोन करायची सोय असते, आणि अँड्रॉइड १० व आयओएस १४ पासून फोन वायफायवर आपला मूळ मॅक मुळात दाखवतच नाहीत. वायर कुठल्या भिंतीतून आली हे संपूर्ण नेटवर्कमध्ये एकालाच पक्कं ठाऊक असतं: ज्याच्या पोर्टात ती वायर घुसली आहे त्या स्विचला. तेव्हा त्यालाच ते मागणीवर लिहायला लावायचं. या सोयीला ऑप्शन ८२ म्हणतात. जानेवारी २००१ च्या आरएफसी ३०४६ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात तिची व्याख्या आहे आणि ती मुळात केबल व डीएसएलवरून घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या गरजेतून आली. हॉस्टेल म्हणजे तरी काय, पैसे न देणारे ग्राहक.

पुढचं सगळं सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचना धरून सांगते, कारण आमच्या रॅकमध्ये तेच आहेत. कमांड मी लॅब असिस्टंटला फोनवर सांगते तशा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थात इंग्रजीत करा.

आधी होतं काय ते बघू. लॅपटॉप जोडला की तो ६८ नंबरच्या पोर्टातून २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर, ६७ नंबरच्या पोर्टासाठी, डिस्कव्हर (पत्त्याची पहिली मागणी) ओरडून सांगतो. त्याच्याकडे स्वतःचा आयपी नसतो, म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.०. डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे डीएचसीपीच्या पॅकेटांवर ठेवलेली नजर, चालू असलेला स्विच हे पॅकेट परस्पर पुढे न ढकलता हातात घेतो, शेवटी ऑप्शन ८२ जोडतो आणि मग वर पाठवतो. सरकारी कार्यालयात आवक टेबलावर अर्जावर शिक्का मारतात ना, तसंच: अर्ज अर्जदाराचा, शिक्का कार्यालयाचा. सर्व्हरने उत्तर देताना तोच मजकूर जसाच्या तसा परत पाठवायचा, आणि स्विचने तो काढून टाकून उत्तर लॅपटॉपला द्यायचं. लॅपटॉपला या भानगडीचा पत्ताही लागत नाही, आणि लागता कामा नये.

त्या ऑप्शनच्या पोटात दोन भाग असतात. पहिला सर्किट आयडी, म्हणजे कुठला व्हीलॅन (स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा कप्पा) आणि कुठला पोर्ट. दुसरा रिमोट आयडी, म्हणजे कुठला स्विच. नुसत्या पहिल्यावर विसंबू नका. प्रत्येक मजल्यावरच्या स्विचला पाचवा पोर्ट असतोच, व्हीलॅनही तोच, त्यामुळे ए ब्लॉकचा सर्किट आयडी बी ब्लॉकच्या सर्किट आयडीसारखा अगदी तंतोतंत निघतो. खोली ठरते ती दोन्ही एकत्र वाचल्यावर.

आता स्विचवर. क्रम महत्त्वाचा आहे, तो बदलू नका. सर्वात आधी अपलिंकवर, म्हणजे कोअरकडे (सगळ्या मजल्यांना जोडणाऱ्या मधल्या स्विचकडे) जाणाऱ्या पोर्टाच्या इंटरफेसमध्ये जाऊन:

आयपी डीएचसीपी स्नूपिंग ट्रस्ट

म्हणजे या पोर्टावरून येणारी सर्व्हरची उत्तरं खरी धरायची. त्यानंतर ग्लोबल कॉन्फिगमध्ये:

आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन
आयपी डीएचसीपी स्नूपिंग व्हीलॅन २०
आयपी डीएचसीपी स्नूपिंग

उलट्या क्रमाने केलंत तर मधल्या काळात सर्व्हरची खरी उत्तरंसुद्धा अविश्वासू पोर्टावरून आली म्हणून स्विच फेकून देईल. रात्री नऊनंतर हे काम करायला घेऊ नका. आमच्याकडे सगळ्यात शांत वेळ सकाळी अकराची, सगळे वर्गात असतात तेव्हा. इन्फर्मेशन ऑप्शन स्नूपिंगबरोबर आपोआप चालू असतं, तरी मी ते लिहिते. पुढे कोणी कॉन्फिग वाचेल त्याला कळू दे की हे जाणूनबुजून ठेवलेलं आहे.

एवढ्यावरच उलट्या राउटरचा उपद्रव संपतो. खोल्यांच्या पोर्टांवर ट्रस्ट नसल्यामुळे तिथून आलेली ऑफर, म्हणजे पत्ता देऊ करणारं उत्तर, स्विच गिळून टाकतो. बरेच जण इथेच थांबतात, आणि नेमकं याच क्षणी दुसरं काहीतरी मोडतं: स्नूपिंग चालू केल्यावर कुणालाच आयपी मिळेनासा होतो, आणि बिचारा माणूस स्नूपिंगच बंद करून टाकतो. दोष स्नूपिंगचा नसतो. काय होतं ते नीट समजून घ्या, कारण ऑप्शन ८२ मधलं निम्मं दुखणं याच एका जागी आहे.

डीएचसीपीच्या पॅकेटमध्ये जीआयअॅडर नावाचा एक रकाना असतो. एका सबनेटमधली (पत्त्यांच्या एका गटातली) मागणी दुसऱ्या सबनेटमधल्या सर्व्हरकडे नेणारा रिले, आमच्याकडे कोअर स्विच, तिथे आपला पत्ता भरतो. सर्व्हर तो पत्ता बघून ठरवतो की कुठल्या सबनेटमधला आयपी द्यायचा. मजल्यावरचा स्विच मात्र रिले नाही. तो फक्त माहिती चिकटवतो, जीआयअॅडर शून्यच ठेवतो. म्हणजे कोअरकडे असं पॅकेट येतं ज्यावर ऑप्शन ८२ आहे, पण कुठल्याही रिलेचा पत्ता नाही. आरएफसी सांगते की असं पॅकेट अविश्वासू बाजूने आलं तर टाकून द्या. बरोबरच आहे, उद्या कुणी पोरगा लॅपटॉपवर स्वतःच ऑप्शन ८२ बनवून शेजारच्या खोलीचं नाव घालेल. सिस्कोचा कोअर हा नियम काटेकोर पाळतो आणि मुकाट्याने पॅकेट टाकून देतो. तिथे डीबग लावलात तरच "इन्कन्सिस्टंट रिले इन्फर्मेशन" अशी ओळ दिसते.

म्हणून कोअरवर हॉस्टेलच्या व्हीलॅनच्या इंटरफेसमध्ये, हेल्पर अॅड्रेसच्या (मागणी कुठल्या सर्व्हरकडे न्यायची ते सांगणाऱ्या ओळीच्या) शेजारीच:

आयपी डीएचसीपी रिले इन्फर्मेशन ट्रस्टेड

ग्लोबलमध्ये ट्रस्ट-ऑल लिहूनही काम होतं, पण मग लॅब, ऑफिस, गेस्ट सगळेच विश्वासू ठरतात. जिथल्या सगळ्या स्विचवर स्नूपिंग आहे त्याच व्हीलॅनला ही मुभा द्या.

कोअरवरही स्नूपिंग चालू असेल तर आणखी एक दार लागतं. मजल्यावरून येणारी डाउनलिंक तिथे अविश्वासू असली तर कोअर ऑप्शन ८२ असलेली मागणी रिलेपर्यंत जाऊच देत नाही. दोन उपाय आहेत. एक, डाउनलिंकवर ट्रस्ट. दुसरा, ग्लोबलमध्ये स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन अलाउ-अनट्रस्टेड. माझी पसंती दुसऱ्याला, कारण त्यात खालून आलेली खोटी सर्व्हर-उत्तरं अडवणं चालू राहतं. पण ही परवानगी त्या स्विचच्या सगळ्या अविश्वासू पोर्टांना मिळते. कोअरमध्ये थेट एखादं पीसी, प्रिंटर किंवा कुणाच्या केबिनची वायर जोडलेली असेल तर आधी ती काढा, मग परवानगी द्या.

आणि कोअरवर रिले इन्फर्मेशन ऑप्शन ही कमांड हौसेने चालू करू नका. ती चालू असताना आधीच ऑप्शन ८२ असलेलं पॅकेट आलं तर सिस्कोचं मूळ धोरण रिप्लेस, म्हणजे जुनं खोडून स्वतःचं लिहिणं, हे आहे. मग सर्व्हरला सगळ्या खोल्या एकाच पोर्टावरून, कोअरच्या पोर्टावरून, आल्यासारख्या दिसतात. चालू ठेवणं भागच असेल तर रिले इन्फर्मेशन पॉलिसी कीप असं सांगा.

दुसऱ्या कंपन्यांचं थोडक्यात. एचपीच्या प्रोकर्व्ह आणि त्यातून आलेल्या अरुबा स्विचवर डीएचसीपी-स्नूपिंग चालू केलं की ऑप्शन ८२ ची भर आपोआप पडते, आणि खोलीच्या बाजूने आधीच भर घालून आलेल्या पॅकेटचं ड्रॉप, कीप की रिप्लेस हे तुम्ही ठरवता. मिक्रोटिकमध्ये ब्रिजवर डीएचसीपी-स्नूपिंग आणि अॅड-डीएचसीपी-ऑप्शन८२ या दोन्हींना येस, आणि अपलिंकच्या ब्रिज पोर्टावर ट्रस्टेडला येस.

सर्व्हरकडे वळण्याआधी थांबा आणि प्रत्यक्ष बाईट बघा. हे मी कुणालाही टाळू देत नाही. एका ओळखीच्या खोलीत लॅपटॉप जोडायचा, आणि सर्व्हरवर टीसीपीडम्प (पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्राम) तीन व्हीसकट ६७ नंबरच्या पोर्टावर ऐकत ठेवायचं. किंवा फाइल पकडून वायरशार्कमध्ये उघडायची, तिथे एजंट इन्फर्मेशन ऑप्शन नावाने ते सापडतं. कॅटॅलिस्टचं मूळ रूप हेक्समध्ये असं दिसतं:

५२ १२ ०१ ०६ ०० ०४ ०० १४ ०१ ०५ ०२ ०८ ०० ०६

आणि त्यापुढे सहा बाईट. वाचू या. हेक्समधले ५२ म्हणजे आपले ८२. हेक्समधले १२ म्हणजे पुढे १८ बाईट आहेत. मग ०१, पहिला भाग, सर्किट आयडी, लांबी ६. त्यात ०० हा प्रकार, ०४ लांबी, ००१४ म्हणजे व्हीलॅन २०, मग ०१ मॉड्यूल आणि ०५ पोर्ट. पुढे ०२, दुसरा भाग, लांबी ८; पुन्हा ०० प्रकार, ०६ लांबी, आणि शेवटचे सहा बाईट स्विचचा मॅक.

आता खोली-पोर्टच्या वहीत बघा, लॅपटॉप खरंच पाचव्या पोर्टात आहे का. नसला तर घाबरू नका. कॅटॅलिस्ट ३७५० मध्ये या रकान्यातले पोर्ट क्रमांक ३ पासून सुरू होतात, म्हणजे पहिला पोर्ट ०३ असा येतो. मॉडेल बदललं की मोजणी बदलू शकते, म्हणून प्रत्येक मॉडेलचा एकेक पोर्ट असा तपासून घ्यायचा. यात स्विच खरं बोलतो. गोंधळ वहीत आणि पॅच पॅनलवर (खोल्यांच्या वायरी येऊन टेकतात त्या पट्टीवर) जास्त असतो. ए-२०३ लिहिलेली वायर २०४ मध्ये निघणं हा आपल्याकडच्या वायरिंगवाल्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे. तेव्हा आयओ बॉक्सवरचं, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटवरचं, लेबल, पॅच पॅनल आणि पोर्ट या तिघांची गाठ एकदा चालत जाऊन घालून घ्या. शिपाई मामांना बरोबर घ्या, किल्ल्या त्यांच्याकडे असतात आणि कुठली खोली कधी पाडून दोन केल्या हेही त्यांनाच माहीत असतं.

बाईट वाचण्याचा कंटाळा असेल तर स्विचला सरळ नाव लिहायला सांगता येतं. पोर्टाच्या इंटरफेसमध्ये स्नूपिंग व्हीलॅन २० इन्फर्मेशन ऑप्शन फॉर्मॅट-टाइप सर्किट-आयडी स्ट्रिंग, आणि पुढे ए-२०३ सारखं, तीन ते त्रेसष्ट अक्षरांत. ग्लोबलमध्ये स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन फॉर्मॅट रिमोट-आयडी होस्टनेम. यातला दुसरा बदल तर मी प्रत्येकाला करायला लावते. कारण रिमोट आयडी जर स्विचचा मॅक असेल तर जून महिन्यात वीज पडून स्विच जळला आणि दुसरा बसवला की त्या मजल्याच्या सगळ्या नोंदी बाद होतात. होस्टनेम ठेवलं की नवा स्विच जुन्या नावाने उभा राहतो आणि सर्व्हरवर काही करावं लागत नाही. लक्षात ठेवायचं एवढंच की नावाचं रूप निवडल्यावर सुरुवातीचा प्रकाराचा बाईट ०० चा ०१ होतो. सर्व्हरवर जुळणी लिहिताना तोही धरावा लागतो, म्हणून पुन्हा एकदा पकडून बघा.

सर्व्हरसाठी आमच्याकडे किआ हे डीएचसीपी सॉफ्टवेअर आहे. आयएससीच्या जुन्या डीएचसीपीडीची देखभाल २०२२ मध्ये थांबली, नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिकडे जाऊ नये. किआमध्ये क्लायंट क्लासची अट लिहिताना सर्किट आयडी रिलेफोर[१].हेक्स असा मिळतो आणि रिमोट आयडी रिलेफोर[२].हेक्स असा. दोन्ही "अँड"ने जोडायचे, क्लासला खोलीचं नाव द्यायचं आणि त्या क्लासला एक छोटा पूल, म्हणजे पत्त्यांचा साठा, जोडायचा. विंडोज सर्व्हर असेल तर २०१२ च्या आवृत्तीपासून स्कोपच्या पॉलिसीत रिले एजंट इन्फर्मेशन ही अट मिळते. डीएनएसमास्कमध्ये डीएचसीपी-सर्किटआयडी आणि डीएचसीपी-रिमोटआयडी आहेत, छोट्या जागेला तेवढं पुरतं.

पूल छोटा म्हणजे किती? इथे लोक मोहात पडून खोलीला एकच पत्ता देतात. दिसायला सुरेख: ए-२०३ म्हणजे कायम १०.२०.२.३. पण लीज, म्हणजे ठराविक मुदतीसाठी दिलेला पत्ता, पोर्टाच्या नावावर नसते, उपकरणाच्या मॅक किंवा क्लायंट आयडीच्या नावावर असते. पोराने लॅपटॉप काढून राउटर लावला की सर्व्हर म्हणतो, पत्ता दिलेला आहे, लीज संपेपर्यंत थांबा. रात्री बारा वाजता फोन मला. किआच्या फ्लेक्स-आयडी हूकमध्ये (किआला जोडायच्या पुरवणीत) दोन्ही भाग जोडून ओळख बनवता येते, आणि तिथे रिप्लेस-क्लायंट-आयडी चालू केलं की लीज पोर्टाबरोबर राहते. ते जमत नसेल तर खोलीला चार पत्ते द्या आणि लीज अर्ध्या तासाची ठेवा. मी चार पत्त्यांचाच मार्ग धरला. दोन पोरं, एक राउटर, एक पाहुणा.

नूतनीकरणाबद्दल थोडं, कारण इथे अनेकांची माहिती अर्धवट असते. लीजचा अर्धा वेळ झाला की उपकरण ओरडत नाही, सर्व्हरला थेट पॅकेट पाठवतं. ऑप्शन ८२ फक्त कोअरचा रिले घालत असेल तर हे थेट पॅकेट रिलेच्या हातातून जात नाही, आणि सर्व्हरला खोली दिसत नाही. जुन्या डीएचसीपीडीत यासाठी स्टॅश-एजंट-ऑप्शन्स आहे, म्हणजे पहिल्या वेळची माहिती जपून ठेवायची. मजल्यावरचा स्नूपिंगवाला स्विच मात्र वाटेतच उभा असतो आणि थेट पॅकेटवरही मजकूर घालतो. भर कडेच्या स्विचनेच घालावी असं मी म्हणते त्याचं हे दुसरं कारण. यातून एक काळजी निघते: सर्व्हरचा ६७ वा पोर्ट थेट पॅकेटसाठी उघडा ठेवावा लागतो. म्हणून ज्या व्हीलॅनवर स्नूपिंग नाही, तिथून त्या पोर्टाकडे जाणारी वाट कोअरवरच्या अॅक्सेस लिस्टने बंद करा, नाहीतर लॅबमध्ये बसून कुणीही खोट्या शिक्क्याचा अर्ज थेट देऊ शकेल.

बिघाड शोधताना शो आयपी डीएचसीपी स्नूपिंग स्टॅटिस्टिक्स डिटेल बघा. टाकलेल्या पॅकेटांची कारणवार मोजणी तिथे असते. अविश्वासू पोर्टावर आलेली पॅकेट वाढत असतील तर एक तर कुणीतरी उलटा राउटर लावलाय किंवा तुम्ही अपलिंकला ट्रस्ट द्यायला विसरलात. नॉनझीरो जीआयअॅडर वाढत असेल तर खोलीच्या बाजूला कुणीतरी स्वतःच रिले चालवतंय. आणि बाइंडिंग टेबल (कुठल्या पोर्टावर कुठला आयपी दिला याची स्नूपिंगने ठेवलेली यादी) फ्लॅशवर किंवा सर्व्हरवर साठवायला विसरू नका. लाईट गेली आणि यूपीएस दमला की स्विच रीस्टार्ट होतो, टेबल रिकामं होतं, आणि त्यावर अवलंबून आयपी सोर्स गार्ड (त्या यादीत नसलेल्या आयपीला अडवणारी सोय) लावला असेल तर उपकरणं नव्याने मागणी करेपर्यंत सगळा मजला बंद.

सोर्स गार्ड लावावाच लागतो, तेही सांगते. ऑप्शन ८२ मागणीवर शिक्का मारतो. मागणीच न करता हाताने आयपी टाकणाऱ्याला तो अडवत नाही. खोलीच्या पोर्टावर आयपी व्हेरिफाय सोर्स हवंच. पण स्नूपिंग सुरू केल्याच्या दिवशी नको. आधीच्या लीज टेबलात नसतात, त्यामुळे एक पूर्ण लीजचा काळ जाऊ द्या, टेबल भरलेलं बघा, मग लावा.

आयपीव्ही६ साठी ऑप्शन ८२ नाही. तिथे मागणी रिलेच्या वेगळ्या पाकिटात घालून पाठवतात आणि पोर्टची माहिती १८ व ३७ क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये असते. आमच्या हॉस्टेलमध्ये व्ही६ सुरू झालेलं नाही, म्हणून त्यावर शहाणपण सांगत नाही.

राहता राहिला लॉग. किआमध्ये स्टोअर-एक्स्टेंडेड-इन्फो चालू केलं की लीजबरोबर रिलेची माहितीही साठते. लीगल लॉगचं हूक असेल तर आयपी, वेळ, सर्किट आयडी, रिमोट आयडी सगळं एका ओळीत येतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची आहेत. स्विच आणि सर्व्हर दोघांचीही जुळवा. पत्रात मिनिटासकट वेळ लिहिलेली असते. अशा पत्राच्या उत्तरात मी विद्यार्थ्याचं नाव कधीच लिहीत नाही. ब्लॉक, खोली, स्विच, पोर्ट, लीज कधी सुरू झाली नि कधी संपली, एवढंच. त्या वेळी त्या खोलीत कोण बसलं होतं हे स्विचला माहीत नसतं. ते शोधायला रेक्टर सरांचं हजेरी रजिस्टर आहे.